उखर्डूनानांच्या हातचे नमुने

उखर्डू तायडे जन्माला येण्याआधी त्यांच्या आईची लेकरं एकामागून एक गेली होती. म्हणून हे पोर झाल्यावर सुईणीनं त्याला टोपलीत घालून गावाबाहेरच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारच्या बाईनं "कोणाचं बाई हे टाकलेलं पोर" म्हणत ते उचललं आणि परत आईच्या ओटीत घातलं. टाकलेल्या पोराकडे मरण वळून पाहत नाही, अशी तेव्हाची समजूत. नाव उखर्डू पडलं ते तिथून. पोर जगलं, आयटीआय करून टर्नर झालं, दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वर्कशॉपमध्ये लागलं आणि लेथसमोर उभ्याउभ्या म्हातारं होऊन निवृत्त झालं.

वर्कशॉपमध्ये त्यांना सगळे नाना म्हणत. जॉब कातून झाला की नाना मशीन थांबवायचे, फडक्याला हात पुसायचे आणि अंगठ्याचं नख जॉबवरून सावकाश फिरवायचे. नखाला कुठे बारीकसं जरी अडलं तरी जॉब परत लेथच्या पकडीत, चकात जायचा. मापं घ्यायला साधनं होती, पण नानांच्या नखातून गेलेला जॉब साहेबलोक पुन्हा बघत नसत.

निवृत्तीनंतर त्यांनी वरणगाव रस्त्याला घर बांधलं, घराला लागून पत्र्याची शेड टाकली आणि शेडमध्ये एक जुना लेथ आणून बसवला. पंपाचे शाफ्ट, पिठाच्या गिरणीचे भाग, रसवंतीच्या चरकाचे रूळ, असं काय काय यायचं. पुढे भुसावळात कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आली आणि शेडमध्ये येणारी माणसं कमी होत गेली. मुलगा प्रशील नाशिकला नोकरीला. घरात नाना आणि शेवंताबाई, दोघंच. सकाळी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर अगरबत्ती लावून नाना शेडमध्ये जात आणि काम नसलं तरी लेथला तेलपाणी करून येत.

अशात हिवाळ्यातल्या एका दुपारी वृषाली आली. शिंदखेड्याकडची, शेतकऱ्याच्या घरातली मुलगी. जळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पीएचडी करत होती. टॉवेलात गुंडाळलेल्या करड्या रंगाच्या, खरबरीत अशा काही कांड्या तिनं नानांपुढे ठेवल्या.

"नाना, कॉलेजच्या वर्कशॉपवाल्यांनी हात टेकले. टूल जळतं म्हणतात. दीपनगरच्या एका जुन्या साहेबांनी तुमचं नाव सांगितलं."

नानांनी एक कांडी तळहातावर तोलली. "लोखंड नही हे. ॲल्युमिनियमबी नही. काय व्हय?"

"टायटॅनियम. त्यात चिमूटभर बोरॉन घातलंय."

"आन ही अशी कशी? ओतलेली नही, ठोकलेली नही."

वृषाली हसली. मग तिनं समजावून सांगितलं. त्यांच्याकडे धातूच्या वस्तू छापणारं एक मशीन होतं. त्यात धातूची पिठासारखी भुकटी पातळ पसरायची, लेझरनं हवी तेवढीच वितळवायची, त्यावर पुन्हा भुकटी, पुन्हा लेझर. थरावर थर चढत कांडी उभी राहते. वितळताना बोरॉन आणि टायटॅनियम एकत्र येऊन आत बारीक कडक सुया तयार होतात. त्या सुयांनी धातूची ताकद वाढते.

"मंग अडचण काय?"

"अडचण ही की ताकद वाढते, पण ताणण्याची तयारी जाते. जोर पडला की थोडाही लांब न होता काचेसारखा तटकन तुटतो. मला दोन्ही पाहिजे, नाना. ताकदही, आणि तुटायच्या आधी ताणला जाण्याचा गुणही. विमानात, नाहीतर माणसाच्या हाडात बसवायचा धातू न सांगता तुटून चालत नाही."

हे नानांना लगेच पटलं. ट्रॉलीचा हूक आधी उघडतो, वाकतो, म्हणून माणूस सावध होतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. वृषालीला हवे होते ते नमुने: दोन्ही टोकं जाड, मधली कंबर बारीक आणि गुळगुळीत. असे नमुने कॉलेजच्या मशीनमध्ये दोन्हीकडून धरून तुटेपर्यंत ओढायचे. किती जोर लागला आणि किती लांब झाला, दोन्ही त्यातून कळतं.

"ठेवून जाय," नाना म्हणाले. "करून पाहू."

टायटॅनियम कातणं म्हणजे लाडावलेल्या पोराला औषध पाजणं. वेग जास्त झाला की टूलला चिकटतं, गार करणारं कूलंट कमी पडलं की कातून निघणारा कीस पेट घेतो. त्यात आतल्या सुया टूलची धार खातात. नाना दोन दिवस नुसता अंदाज घेत होते. टूल पुन्हा पुन्हा घासत होते, वेग उतरवत होते. वाळूची बादली लेथजवळ आणून ठेवली होती. शेवंताबाई दारातून म्हणाल्या, "इतकं तर दीपनगरलेबी नव्हते जीव टाकत." नानांना ते ऐकून बरं वाटलं. किती तरी दिवसांनी कोणीतरी त्यांच्याकडे असं काम घेऊन आलं होतं जे दुसऱ्याला जमलं नव्हतं.

नमुने तयार झाले. नानांनी सवयीनं नख फिरवलं. काही अडलं नाही.

त्या हिवाळ्यात वृषालीनं एक युक्ती धरली होती. बोरॉन अगदी कमी घालायचं, आणि छापून झालेल्या कांड्या भट्टीत ठरावीक तापमानाला बराच वेळ ठेवून सावकाश गार करायच्या. आतल्या सुया मोकळ्या होतील, धातूला ताणायला जागा मिळेल, असा तिचा हिशेब. त्यातल्या काही कांड्या तिनं नानांकडून कातून घेतल्या, काही तशाच कपाटात ठेवल्या. आणि चाचणीच्या दिवशी तिनं नानांना मुद्दाम बोलावलं.

नाना इस्त्रीचा शर्ट घालून जळगावला गेले. वृषालीचे मार्गदर्शक भूपेंद्र सर, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे, त्यांनी नानांना खुर्ची दिली. आधी नानांनीच कातलेला बिनबोरॉनचा साधा नमुना लावला. तो छान ताणला गेला, कंबर आणखी बारीक झाली, मग तुटला. नंतर वृषालीचा. पडद्यावरची रेघ वर चढत गेली, चढत गेली आणि मधेच तड् असा आवाज झाला. नमुना मधोमध तुटला नव्हता. कंबर जिथे जाड टोकाला मिळते तिथे तुटला होता, आणि लांब तर जवळजवळ झालाच नव्हता. दुसरा तसाच. तिसराही.

"ताकद आहे," भूपेंद्र सर म्हणाले, "पण ठिसूळ. वृषाली, भट्टीचा नाद सोड. हा रस्ता बंद आहे. दुसरं काहीतरी बघ."

वृषालीनं मान हलवली. नानांना चहा पाजून स्टँडवर सोडायला आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. नाना म्हणाले, "आज नही तर उद्या होईन, माय. मी हाय ना नमुने कराले."

पुढची दोन वर्षं अशीच गेली. वृषालीनं बोरॉन बदलून पाहिलं, लेझरचा वेग बदलून पाहिला, थराची जाडी बदलून पाहिली. दर खेपेला टॉवेलात कांड्या यायच्या, नाना त्या कातायचे, जळगावला त्या तटकन तुटायच्या. तुटलेल्या जागेचा फोटो मोठ्या सूक्ष्मदर्शकातून काढून ती नानांना मोबाईलवर दाखवायची. आतला भाग डोंगरदऱ्यांसारखा दिसायचा. "हे बघा, इथे सुया मोडल्यात," ती सांगायची. नाना डोळे बारीक करून "व्हय, व्हय" म्हणायचे.

खरं तर त्यांना त्या फोटोत धड काही दिसत नव्हतं. त्यांना साखरेचा आजार बऱ्याच वर्षांचा. उजव्या डोळ्यापुढे एक काळसर डाग फिरत होता आणि डावा डोळाही संध्याकाळ झाल्यासारखा मंद झाला होता. त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. लेथवर हात आपोआप चालायचा, मापं घ्यायला भिंग होतं, आणि शेवटी नख होतंच.

वृषाली कधी मुक्कामाला थांबली तर शेवंताबाई वरण-बट्टी करायच्या. तिच्या आईचा फोन यायचा, तो खोलीभर ऐकू जायचा: शिक्षण कधी संपणार, बाकी सगळ्या पोरींची लग्नं झाली. "पोरी, कव्हय सरी तुनं हाई शिक्षण? बठ्ठ्या पोरीस्ना लगीन व्हई ग्यात." वृषाली फोन कानापासून लांब धरून हसायची, पण हल्ली ते हसणं ओठांवरच थांबायचं. तिच्या मागून आलेली मुलं पदवी घेऊन निघून गेली होती. एकदा बट्टी कुस्करता कुस्करता ती म्हणाली, "नाना, कधीकधी वाटतं माझ्यातच काहीतरी चुकतंय. पुस्तकं सांगतात ते व्हायला पाहिजे, आणि माझ्याकडेच होत नाही."

"तुझं काही चुकत नही," नाना म्हणाले. त्यांना ते मनापासून वाटत होतं.

मग उन्हाळ्याच्या तोंडाशी ते झालं. सकाळचं ऊन पत्र्यावर तापायला लागलं होतं. नाना वृषालीच्या नव्या कांड्यांपैकी एक कातत होते. काम संपवून जेवायला आले, हात धुतले, ताटावर बसले. शेवंताबाई भाकरी वाढता वाढता थबकल्या.

"हे काय करून घेतलं?"

नानांनी हात वर केला. उजव्या हाताच्या दोन बोटांवर फोड आले होते, एक फुटून कातडी लोंबत होती. तापलेला कीस पडून चिकटलेला असणार. कधी पडला, त्यांना आठवेना. कळलंच नव्हतं.

"दुखत नही?"

"नही," नाना म्हणाले आणि फुटलेला फोड दाबून पाहू लागले.

शेवंताबाई हळद आणायला आत गेल्या. नाना डाव्या हातानं उजव्या हाताचा अंगठा चिमटत बसले. मग भांड्याच्या काठावर नख घासून पाहिलं. आवाज येत होता. बोटाला काही कळत नव्हतं. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला, नखाला शेवटचं कधी काही अडलं होतं? वृषालीच्या एकाही नमुन्याला अडलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या कामात असं कधी झालं नव्हतं की एकही जॉब परत चकात गेला नाही. आपला हात बसला, असं तेव्हा वाटून ते खूश झाले होते.

जेवण तसंच टाकून ते शेडमध्ये गेले. वृषालीनं तुटलेल्या नमुन्यांचे तुकडे त्यांच्याकडे आठवण म्हणून ठेवले होते. त्यातले दोन-चार उचलून ते शेवंताबाईंकडे आले.

"जरा नख फिरव बरं याच्यावरून. इथून इथपर्यंत."

"मले काय कळते त्याच्यातलं?"

"फिरव तर."

शेवंताबाईंनी अंगठ्याचं नख फिरवलं. "कंगव्यासारखं लागते," त्या म्हणाल्या. "आन इथं, जाड होते ना, इथं तर पायरीच हाय. कराकरा लागते."

नानांनी दुसरा तुकडा दिला. तिसरा दिला. शेवंताबाईंना सगळीकडे तेच लागलं. नाना भिंतीला टेकून खाली बसले. कडक धातूला बारीक ओरखडासुद्धा पुरतो. जोर येतो तो सगळा त्या ओरखड्याशी गोळा होतो आणि तिथूनच फाटत जातं. हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. साध्या टायटॅनियमनं ते ओरखडे सोसले, म्हणून त्याच्यावर कोणाला शंका आली नाही. बोरॉनवाल्यानं सोसले नाहीत.

"काय झालं?" शेवंताबाईंनी विचारलं.

"काही नही. डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊ म्हणतो."

वृषाली कांड्या न्यायला आली तेव्हा नानांनी सगळं सांगायचं ठरवलं होतं. ती दारातून आत आली, उन्हानं लाल झालेली, आणि पाणी प्यायच्याही आधी सांगायला लागली. भूपेंद्र सरांनी शेवटची संधी दिली होती. छापतानाच ज्यावर भुकटी पसरतात तो खालचा पाट तापता ठेवायचा, असा नवा डाव होता. ह्या कांड्या तशाच होत्या. हे जमलं नाही तर विषयच बदलायचा.

नानांनी लेथकडे पाहिलं. ते म्हणाले, "लेथचं बेअरिंग गेलं, माय. आवाज देते. दुसरीकडून करून घे. धुळ्याले एमआयडीसीत कॉम्प्युटरवाले हायेत. पॉलिशबी करून मांग त्यांले."

"तुमच्याशिवाय कोणाला जमेल का पण?"

"जमेन. ते लोक चांगले हायेत."

ती गेली. खोटं बोलून का होईना, पोरीचं काम आता नीट होईल, एवढं समाधान नानांनी करून घेतलं. भुसावळच्या डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकून, दिवा मारून सांगितलं की डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्त उतरलंय, फार उशीर केलात. डोळ्यात सुया घ्याव्या लागतील. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं टिकलं तर टिकलं. बोटांबद्दल ते म्हणाले, साखरेनं नसा गेल्यात.

काही आठवड्यांनी वृषाली पेढे घेऊन आली. शेवंताबाईंना तिनं मिठीच मारली.

"नाना, ताणला! सगळे नमुने मधोमध तुटले, चांगले लांब होऊन. ताकद तेवढीच, आणि ताण कितीतरी पट. पाट तापता ठेवला त्याचा परिणाम. सर म्हणाले, लगेच लिहायला घे. बघा, दोन वर्षं आपण नको तिथे खोदत होतो."

तिनं पेढा नानांच्या तोंडात घातला. नानांनी तो चावला नाही, गिळलाही नाही. वृषाली बोलत होती: पाटाचं तापमान, त्याचा आलेख, कुठल्या परिषदेत सांगायचं. नानांना एकच गोष्ट ऐकू येत होती. तिनं ते यश पाटाच्या नावावर मांडलं होतं. आणि तिला हे कुठे माहीत होतं की ह्या वेळी पाटासोबत कातणारा हातही बदलला, तेच खरं कारण असू शकतं. आता ती हे लिहिणार, छापणार, सगळ्या जगाला सांगणार. नानांचं खोटं तिच्या नावानं छापलं जाणार.

"नाना, गप्प का?"

"आनंद झाला, माय," नाना म्हणाले.

ती गेल्यावर ते शेडमध्ये जाऊन बसले. शेवंताबाई दोनदा हाक मारून गेल्या. तिसऱ्या वेळी त्या आत आल्या आणि स्टूल ओढून समोर बसल्या. तेव्हा नानांनी त्यांना सगळं सांगितलं. शेवंताबाईंनी स्टूल आणखी जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "सांगून टाका तिले. लेकरू हाय ते. तिच्या माथी नका मारू."

"ती तोंडबी पाहणार नही माझं."

"नको पाहू दे."

दुसऱ्या दिवशी नाना जळगावला गेले. वृषाली प्रयोगशाळेत एकटीच होती. त्यांना अचानक आलेलं पाहून ती उठली, खुर्ची पुसायला लागली. नाना बसले नाहीत. खिशातून तुटलेले तुकडे काढून त्यांनी टेबलावर ठेवले.

"लेथचं बेअरिंग गेलेलं नव्हतं, बेटा. माझे डोळे गेले. बोटंबी गेले. हे मी कातलेले पाह्य. नख फिरवून पाह्य."

वृषालीनं नख फिरवलं. मग एक तुकडा उचलून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला, आतली तुटलेली बाजू नाही, बाहेरची. कितीतरी वेळ ती मान खाली घालून बघत राहिली. नाना उभेच होते.

"बाहेरून मी कधी पाहिलंच नाही," ती शेवटी म्हणाली. "नानांनी केलंय म्हणजे..."

"पाटाचं लिहायच्या आधी सगळं परत पाहून घे. पहिल्या हिवाळ्यातल्या भट्टीच्या कांड्या हायेत ना तुझ्याकडे?"

वृषालीनं वळून कपाटाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला तो नानांना अधू डोळ्यांनीही दिसला.

"तुम्हाला कधी कळलं, नाना?"

"उन्हाळ्याच्या तोंडाशी. बोट भाजलं तेव्हा."

"म्हणजे मी कांड्या न्यायला आले होते तेव्हा माहीत होतं."

"व्हय."

तिनं तुकडा पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. ओरडली नाही, रडलीही नाही. ओरडली असती तर बरं, असं नानांना वाटलं. ते जायला निघाले तेव्हा ती नेहमीसारखी स्टँडवर सोडायला आली नाही. सूक्ष्मदर्शकाशीच बसून राहिली.

जुन्या कांड्या धुळ्याला कातून, पॉलिश करून आल्या. पुढचं नानांना फोनवर कळलं. वृषालीनं मोजक्या शब्दांत सांगितलं. भट्टीत ठेवलेले ते पहिल्या हिवाळ्यातले नमुने पाटावाल्यांपेक्षाही जास्त ताणले गेले होते. ताकद जवळजवळ तीच. म्हणजे उत्तर पहिल्याच खेपेला तिच्या हातात आलं होतं आणि कपाटात पडून होतं. मधल्या काळात दुसऱ्या एका देशातल्या मोठ्या प्रयोगशाळेनं जवळपास तेच, कमी बोरॉन आणि तसलीच भट्टी, करून प्रसिद्धही केलं होतं. भूपेंद्र सरांनी डोकं धरलं होतं. प्रबंध होईल, पण आधी दुसऱ्यांनी जे सांगितलं तेच आपल्याकडेही दिसलं, एवढंच त्यात म्हणता येईल.

"मी लवकर सांगतलं असतं तर?" नानांनी विचारलं.

"माहीत नाही, नाना," ती म्हणाली. "त्यांचं आधीच छापून झालं असणार. ठेवते."

त्यानंतर टॉवेलात गुंडाळलेल्या कांड्या आल्या नाहीत. नानांनी लेथवर ताडपत्री टाकली. महिन्याला एकदा भुसावळला जाऊन डोळ्यात सुई घ्यायची, शेवंताबाईंचा हात धरून परत यायचं. प्रशील आला तेव्हा म्हणाला, "पप्पा, चला नाशिकला." नानांनी मान हलवली, होकाराची की नकाराची ते त्याला कळलं नाही. जुने सोबती कधी गप्पांना आले आणि टायटॅनियमचं विचारलं की ते विषय बदलायचे.

वर्ष उलटल्यावर वृषालीचा मेसेज आला. तिची पीएचडीची व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा होती, कोणीही येऊन ऐकू शकत होतं. खाली लिहिलं होतं, जमलं तर या. शेवंताबाईंनी तो शेजारच्या पोराकडून वाचून घेतला. नाना जायला नको म्हणत होते. शेवंताबाईंनी शर्ट काढून ठेवला आणि त्यांना जळगावला घेऊन गेल्या.

सभागृहात ते मागच्या रांगेत बसले. पुढे शिंदखेड्याहून आलेले वृषालीचे आई-वडील, कडक इस्त्रीची टोपी आणि नवी साडी. वृषाली इंग्रजीत बोलत होती. पडद्यावर पांढरे-करडे ठिपके नानांना नुसते हलताना दिसत होते. सुया, भट्टी, ताण, असं काहीतरी चाललंय एवढं त्यांना उमगत होतं. मग बाहेरून आलेल्या परीक्षकांनी काही विचारलं. सुरुवातीच्या सगळ्या निकालांबद्दल असावं. वृषाली क्षणभर थांबली. मग तिनं स्पष्ट आवाजात उत्तर दिलं, आणि त्या उत्तरात "मशीनिंग डिफेक्ट" असे दोन शब्द आले.

कातणाऱ्याच्या हातचा दोष: ते दोन शब्द समजून घ्यायला नानांना कोणाची गरज नव्हती. वर्कशॉपमध्ये ते जन्मभर दुसऱ्यांच्या जॉबबद्दल त्यांनीच वापरले होते. तिनं नाव घेतलं नाही. ती दुसरं काही म्हणू शकत नव्हती, हेही त्यांना कळत होतं. खरं तेच ती बोलली होती. तरी त्यांना मान वर करवेना. शेवंताबाईंनी काही न विचारता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

निकाल जाहीर झाला, टाळ्या पडल्या. वृषालीभोवती माणसं जमली, फोटो निघाले. भूपेंद्र सर जवळून गेले, पण त्यांची नजर नानांवरून तशीच पुढे सरकली. नाना भिंतीच्या कडेनं दरवाज्याकडे निघाले होते तेवढ्यात वृषाली गर्दीतून वाट काढत आली. ती वाकून पाया पडायला गेली तर नानांनी घाईनं तिचा हात धरला. हात मऊ आहे की राठ, काही कळलं नाही.

"डोळा कसा आहे, नाना?"

"बरा हाय. अभिनंदन, माय."

"मला हैदराबादला नोकरी मिळाली. पुढच्या महिन्यात जाते."

"चांगलं झालं."

तिच्या आईनं लांबून हाक मारली, "चल व, फोटो काढाले बलाई ऱ्हायनात." वृषालीनं मागे पाहिलं, पुन्हा नानांकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि नुसतीच म्हणाली, "जेवून जा. इथेच जेवण आहे." मग ती गेली.

ते जेवायला थांबले नाहीत. बसमध्ये खिडकीशी नाना बसले, शेजारी शेवंताबाई. नशिराबाद मागे पडलं. बस रिकामी होत होती. कंडक्टर कोणाशी तरी भांडत होता.

"पास झाली ना ती?" शेवंताबाईंनी विचारलं. त्यांना माहीत होतं, तरी विचारलं.

"झाली," नाना म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.